चौथ्याच दिवशी भरलेल्या बाटल्या

मी केलेली बिअर आईच्या जिवावर बेतली होती, हे वाक्य मला अजूनही धड उच्चारता येत नाही.

इंग्लंडात बेसिंगस्टोकला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती. नवरा आणि मी दोघंही पुण्याचे, दोघंही आयटीत. शेजारच्या घरात एक निवृत्त इंग्लिश गृहस्थ एकटे राहतात. ते घरी बिअर करतात. कुंपणावरून गप्पा मारता मारता त्यांनी मलाही नाद लावला. दोनच गोष्टी त्यांनी बजावल्या होत्या. बादलीतलं आंबणं पूर्ण थांबल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत, आणि भरल्यावर निदान तीन आठवडे त्यांना हात लावायचा नाही. "घाई असेल त्याने दुकानातून आणावी," ते म्हणायचे.

मी घाई केली. आई सहा महिन्यांसाठी येणार होती, आणि तिच्यासमोर स्वयंपाकघरात ती बादली बुडबुडत ठेवायची माझी छाती नव्हती. वय वर्षं एकेचाळीस, तरीही. बुडबुडे मंदावल्यासारखे वाटले. हायड्रोमीटर घालून साखर किती उरली ते बघायचा कंटाळा केला. चौथ्याच दिवशी वीस बाटल्या भरल्या, गॅस धरावा म्हणून प्रत्येकीत थोडी साखर टाकली आणि झाकणं घट्ट बसवली. सगळ्या बाटल्या जिन्याखालच्या कपाटात, कोटांच्या मागे. आईला सांगितलं, व्हिनेगर आहे.

"एवढं?" एवढंच ती म्हणाली.

ती आली तीच सर्दी घेऊन. तिच्यासाठी आम्ही हीटिंग दिवसभर चालू ठेवलं. गरम पाण्याचे पाइप त्याच कपाटातून जातात आणि उबेने बाटलीतला गॅस वाढत जातो, हे मला ठाऊक होतं. डोक्यात आलं नाही, बस.

दहा-बारा दिवसांनी, शनिवारी दुपारी, आईने कपाटातून इस्त्रीचं टेबल काढलं. दार लावून ती हॉलमध्ये आली, टेबल उघडलं, आणि धडाम् असा आवाज झाला. मला वाटलं बॉयलर गेला. लगेच दुसरा आवाज, मग तिसरा. दाराखालून फेस वाहत कार्पेटवर आला. मी धावले, तर आईने मागून माझा दंड पकडला. दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

"दार उघडू नकोस. अजून फुटतील."

"आई, ते व्हिनेगर..."

"व्हिनेगर असं फुटत नाही. अगं, तीस वर्षं शाळेत केमिस्ट्री शिकवली मी. आले त्याच दिवशी घरात वास होता. तू आपणहून सांगशील म्हणून गप्प बसले."

आत चौथी बाटली फुटली.

नवऱ्याने हीटिंग बंद केलं आणि शेजारच्यांना बोलावून आणलं. आवाज पूर्ण थांबून तासभर झाल्यावर त्यांनी गॉगल लावला, जाड हातमोजे घातले आणि दार हळूच उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला लाकडात काचेचा एक तुकडा रुतला होता. बोटभर लांब. आईच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर.

आई त्या दारासमोरून बाजूला होऊन किती वेळ झाला होता? एक मिनिट? तेवढाही नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"बाटल्या भरण्याआधी रीडिंग घेतलं होतंस?" शेजारच्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी हातमोजे पुन्हा घट्ट केले. रागावले असते तर बरं झालं असतं. उरलेल्या बाटल्या त्यांनी ओल्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून बागेत नेल्या, आणि गार पडल्यावर एकेकीचं झाकण सैल करून सगळी बिअर गवतावर ओतली.

संध्याकाळी आई फोनवर बाबांना सांगत होती, "काही नाही हो, सोड्याची बाटली फुटली." माझी आई, जिने मला लहानपणी एका थापेसाठी कोपऱ्यात उभं केलं होतं. इतक्या सहज खोटं बोलताना मी तिला प्रथमच ऐकलं. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"खरं तर किती दिवस ठेवायची असते ही?"

मी सांगितलं. दोन आठवडे बादलीत. मग लागोपाठ तीन दिवस रीडिंग तेच आलं तर बाटलीत. तीन आठवडे घरातल्या उबेत, आणि नंतर थंडीत जितकी राहील तितकी चांगली.

"मग पुन्हा कर. रीडिंग मी घेते."

मला वाटलं चेष्टा करते आहे. पण तिने खरोखर रोज चष्मा लावून, वाकून रीडिंग घेतलं आणि कॅलेंडरवर लिहिलं. तेराव्या दिवशी मी म्हटलं, आता भरूया. "आकडा अजून उतरतोय," ती म्हणाली. आम्ही आणखी पाच दिवस थांबलो.

तीन आठवडे घरात आणि दोन गॅरेजमध्ये काढल्यावर पहिली बाटली उघडायची वेळ आली. शेजारचे गृहस्थ ग्लास घेऊन आले होते. झाकणाला ओपनर लावला आणि परत काढला. जमेचना. आईने बाटली माझ्या हातातून घेतली, पदर खोचला आणि झाकण उघडलं. हलकासा फुस्स आवाज आला. मी तोवर फ्रिजच्या आड पोचले होते.

शेजारच्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि आईपुढे मान लववली. आई स्वतः थेंबही प्यायली नाही. तिने ग्लास फक्त नाकाशी नेला.

"अजून पंधरा दिवस हवेत," ती म्हणाली.