मी चाललो ती शीव

मला काही झालं नाही. रक्तदाब नाही, साखर नाही, मुलगी नोकरीला लागली, घरात कोणी अंथरूण धरलं नाही. बाकीचे याला नशीब म्हणतात. आमच्या दोन गावांत याला पुरावा म्हणतात.

मी सडक अर्जुनीला राहतो, कॉलेजात इतिहास शिकवतो. माझा प्रबंध वाळवंटातल्या एका सीमेवर आहे. इंग्रजांच्या काळात दोन शेजारी संस्थानांचं वाळूच्या एका पट्ट्यावरून भांडण लागलं होतं. वाळू कोणाला हवी होती? भांडण त्यातल्या विहिरीचं. गोरा साहेब तंबू ठोकून बसला. दोन्ही दरबारांचे वकील रोज यायचे, नजराणे ठेवायचे, गोड बोलायचे आणि एकमेकांच्या साक्षी खोडायचे. काही निघेना, तेव्हा साहेबानं तिथला जुना रिवाज मान्य केला. दोन्ही बाजूंना पटेल असा एक माणूस शपथ घेऊन, डोक्यावर ओलं कातडं ठेवून चालणार. तो जिथून जाईल ती सीमा. आणि ठरल्या मुदतीत त्याच्या घरावर संकट आलं नाही, तर ती पक्की.

तो माणूस विहिरीपाशी आला आणि विहीर थोरल्या संस्थानाकडे टाकून वळला. मुदत सुखरूप गेली. साहेबानं चुन्याचे बुरूज उभे केले, नकाशा केला आणि गेला. धाकट्या बाजूचे गुराखी गुरं घेऊन कुठे गेले, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

त्या वळणावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं. चालणारा विकला गेला होता, असं ठासून लिहिलं. तरुण होतो. न विकलेला माणूसही वळतो, हे ठाऊक नव्हतं.

माझं गाव केशोरीकडचं. सासर तलावाच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. तलावाला एकच तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड. तिथून निघालेला पाट आधी सासरच्या गावच्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या खाचरांतून जातो, मग आमच्या. सगळ्यात शेवटची बांधी माझ्या मोठ्या भावाची. शिवेचे जुने दगड गाळात गेलेले. तुडूम ज्याच्या शिवेत, पाणी कधी सोडायचं ते त्याच्या हाती. धान निसवायच्या वेळी पाणी अडलं की भावाच्या बांधीत नुसता पेंढा.

मोजणीचा अर्ज पडून होता. एका उन्हाळ्यात दोन्ही गावं तलावाच्या पाळीवर बसली. तुडूम आमच्याच शिवेत, असं भावानं सगळ्यांसमोर ठासून सांगितलं. शिव्यागाळी झाली, आया-बहिणी निघाल्या, आणि शेवटी जुनी माणसं म्हणाली, शीव चालवा. आमच्याकडे कातडं नसतं. शिवेवरचं ढेकूळ डोक्यावर घेतात. चालणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही. पुढल्या दिवाळीपर्यंत त्याच्या घरात मढं पडलं नाही, तर शीव खरी.

"पन चालन कोन?"

"माहा भाऊ चालन," माझा भाऊच म्हणाला. "इकडचा लेक हाय, तिकडचा जवाई. दोनी गावचं मीठ खाल्लं त्यानं."

"अन् थो तं वारवंटाचा परफेसर हाय," एक म्हातारा म्हणाला. "आपली शीव पान्यातून जाते. बुडून गिडून गेला तं?"

सगळे हसले. मीही हसलो. माझा साळा हात जोडून म्हणाला, "भाऊजी, तुमी जिकून जान तिकून आमाले मंजूर."

मला शीव माहीत होती. आम्हा दोघा भावांना बापानं ती कितीदा दाखवली होती. मोहाच्या झाडापासून उजवीकडे, तुडूम आपल्या अंगाला ठेवून. आदल्या दिवशी जेवायला सासरी होतो. कोणी काही मागितलं नाही. बायको एवढंच म्हणाली, "खरं तेच करा." मग ताटं उचलता उचलता, "माझा माहेरचा रस्ता बंद नाही पडला म्हणजे झालं."

ढेकूळ वाटलं त्यापेक्षा जड होतं. माती कपाळावरून डोळ्यांत उतरत होती. मोहापाशी आलो. डावीकडे साळा उभा, हात जोडलेले. त्याच्या शेजारी सासू, मला घाम आला म्हणून पाण्याचा गडू घेऊन. उजवीकडे भाऊ. त्याच्या हातात काही नव्हतं.

मी डावीकडे वळलो.

भावानं तोंड उघडलं आणि मिटलं. चालणाऱ्याशी बोलायचं नसतं. त्यानं नियम पाळला.

संध्याकाळी मला म्हणाला, "बापानं आपल्याले चुकीची दाखवली असन. तू कायले खोटा चालशीन?" मी पाणी प्यालो.

त्याच पावसाळ्यात वयनी, भावाची बायको, तापानं गेली. माझी चूल वेगळी, सातबारा वेगळा, म्हणून ते मढं माझ्या घरचं धरलं गेलं नाही. उलट दोन्हीकडचे लोक बोलले की यानंच खोटी शीव सांगितली होती, त्याच्याच घरी पडलं. भाऊ मान खाली घालून ऐकायचा. दिवाळी झाली. मी धडधाकट. पुढे मोजणीवाला आला, तेव्हा दोन्ही गावांनी त्याला मी चाललेली वाट दाखवली. त्यानं तीच कागदावर आखली आणि गेला.

पाणी उशिरा सुटू लागलं. शेवटी भावानं बांधी बटईनं दिली, सासरच्या गावातल्याच एकाला. त्याला पाणी मिळतं. भाऊ आता कोहमाऱ्याला ढाब्यावर आहे. कांदे कापतो, टेबलं पुसतो.

मागच्या महिन्यात मी तिथे गेलो. दुपारची वेळ, ट्रक थोडे. त्याच्यासमोर बसून सांगून टाकलं. "भाऊ, मी खोटा चाललो. बापानं बरोबर दाखवली होती."

तो कापत राहिला. "तब्येत बरी हाय ना तुही? बीपी गिपी?"

"ऐक तं. मी ग्रामसभेत सांगतो. मोजणी फिरवायचा अर्ज करतो."

"तुले काई झालं नाई. झालं असतं तं मानलं असतं मी."

"त्यानं काही होत नसते, भाऊ."

सुरी थांबली. "मंग कायनं होते? तुही वयनी कायनं गेली?"

"तापानं."

"ताप तं तिले दरसाल ये. त्याच साली काऊन गेली?"

वर्गात मी हे सहज समजावतो. रिवाज, श्रद्धा, योगायोग. त्या टेबलावर मी कांद्याची सालं गोळा करू लागलो.

"इतके साल मी म्हनलो, मी खोटं बोललो म्हून गेली," तो म्हणाला. "आता तू म्हनतं, तू खोटा चालला. मंग तिले कोनं मारलं म्हनू? आपली चूल कवा वेगळी झाली बे? सातबाऱ्यावर झाली ना?"

आतून आचाऱ्यानं ओरडून कांदे मागितले. "लाया, भैया," म्हणत भाऊ उठला. परात उचलताना माझ्याकडे न बघता बोलला, "कोनाले सांगू नोको. माह्या खोट्यानं गेली, एवढं मले जमते आता. दुसरं नाई जमनार."

मग परत येऊन त्यानं माझ्यापुढचं टेबल पुसलं आणि ताट ठेवलं. भात, वरण, वर कांदा.

अर्ज मी केलेला नाही. ग्रामसभेतही गेलो नाही. तुडूम तिकडेच आहे. त्या दुपारी भूक नव्हती, तरी तो उभा राहून बघत होता म्हणून त्यानं वाढलं ते सगळं खाल्लं.