हनुवटी वर होईपर्यंत

सुलभाकाकू गेल्याचा त्यांच्या मुलीचा, मनीषाचा फोन आला तेव्हा मी विरारच्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसलो होतो. "दादा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मग, "बाबांची दाढी केली, पट्टा खुंटीला अडकवला, खुर्चीत टेकली ती टेकलीच." पुष्कळ माणसं देवाचं नाव घेत जातात असं ऐकलंय. काकू वस्तरा पुसून, मिटून, जागच्या जागी ठेवून गेल्या. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण मला ते अजून एखाद्या मोठ्या माणसाच्या मरणासारखं वाटतं.

मी मूळचा चिंचोटीकडचा. घरी भातशेती, आणि कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. रोजचं जाणं-येणं झेपेना, तेव्हा वडिलांच्या ओळखीने भुईगावात वामनकाकांच्या वाडीतली मागची खोली मला मिळाली. भाड्याचा विषय काढला की काकू ताट वाढायला घ्यायच्या. मनीषा तेव्हा शाळेत होती. काका मुंबईला छापखान्यात नोकरी करत आणि उरलेल्या वेळात केळी आणि सोनचाफा बघत. स्वभावाने साधे, पण दाढीच्या बाबतीत राजे. मागच्या पडवीत आरसा, पितळेची वाटी, खुंटीला धार परजायचा चामड्याचा लांब पट्टा, आणि हातात उघडा वस्तरा. त्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

एका रविवारी ते मला मुंबईच्या जुन्या बाजारात घेऊन गेले. फडक्यावर मांडलेल्या भंगारात दोन वस्तरे होते, एक चकचकीत आणि एक तांबेरलेला. काकांनी दोन्ही एकेक करून कानाशी नेले आणि पात्यावर अंगठ्याच्या नखाने टिचकी मारली. चकचकीत त्यांनी खाली ठेवला. "साब, वो तो जंग खाया हुआ है," विकणारा म्हणाला. "जंग ऊपर है रे. अंदर का पोलाद बोलता है अजून," आमच्या काकांचं हिंदी. मग त्यांनी तो माझ्या कानाशी धरला आणि पुन्हा टिचकी मारली. बारीक, लांबत जाणारा नाद... त्यातलं मला काही कळलं नाही, पण देवळातली घंटा ऐकावी तसा मी नकळत ताठ उभा राहिलो.

माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, आणि त्यानंतर काही वर्षांनी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डाव्या हाताला कंप. राहिला फक्त एक "हं". इस्पितळात कुणीतरी प्लॅस्टिकच्या रेझरने त्यांची दाढी केली आणि गालभर ओरखडे उठवले. तेव्हापासून कुणी साबण आणला तरी ते हनुवटी छातीशी घट्ट दाबून बसत. बायको-मुलीच्या हातून खाऊन घेणारा माणूस एवढ्या एका गोष्टीसाठी हट्ट धरून बसला होता. शेवटी काकूंनी, ज्यांनी आयुष्यात विळीखेरीज पातं हाताळलं नव्हतं, तो तांबेरलेला, आता आरशासारखा झालेला वस्तरा उघडला.

धार लावायला काका त्यांना कसं शिकवणार? बोलता येत नव्हतं, दाखवता येत नव्हतं. मग ते ऐकू लागले. पडवीत खुर्चीवर डोळे मिटून बसत. काकू दगडावर पाणी टाकून वस्तरा आडवा ठेवत, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या, आणि सावकाश सरकवत. मग पट्ट्यावर, उलट्या दिशेने, पाठ पुढे. आवाज काकांना पटला नाही तर हनुवटी खालीच. की काकू परत दगडाकडे. मी दर रविवारी जायचो आणि दर रविवारी काकांची दाढी थोडी जास्त वाढलेली असायची. काकूंच्या जाऊबाई कुंपणापलीकडून म्हणायच्या, "वहिनी, जपून हं, आता भांडण झालं तर भाऊजींची खैर नाही." काकू मान वर न करता म्हणायच्या, "म्हणून तर हल्ली ते भांडत नाहीत."

ज्या रविवारी ते जमलं तेव्हा मी तिथेच होतो. दगड झाला, पट्टा झाला, हनुवटी खालीच. काकूंनी सुस्कारा सोडला आणि काय मनात आलं कोण जाणे, वस्तरा स्वतःच्या डाव्या तळहातावरून ओढला. मागे, पुढे, पुन्हा मागे... कोऱ्या कापडावरून बोट फिरावं तेवढाच आवाज. काकांनी डोळे न उघडता हनुवटी वर केली. गळा पूर्ण उघडा! काकूंचे डोळे भरले होते, पण वस्तरा गळ्यावरून फिरताना हात हलला नाही. त्यानंतर ती दोघं रोज सकाळी हे करत. मी पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी ही सांगेन.

पुढे त्यांनी मलाही शिकवलं, माझ्याच दाढीपुरतं. एकदा मी तळहात पुढे केला तर चापटी बसली. "तू पट्ट्यावरच थांब. रोजचा हात लागतो त्याला."

सुतकात दाढीचा प्रश्न आला नाही. दहाव्यानंतर मनीषाने सलूनवाल्याला घरी बोलावलं. भला माणूस, नव्या ब्लेडचं पाकीट समोर फोडलं, "बाबा, बघा, कोरं आहे," म्हणाला. काकांची हनुवटी छातीशी. तो दोनदा येऊन परत गेला. मनीषा रडवेली झाली. "दादा, जेवणंसुद्धा कमी केलंय त्यांनी. आईची वाट बघतात असं वाटतं रे." त्या रात्री आमच्या आईचा गावाहून फोन आला. "पोरा, त्या बाईच्या घरचं अन्न-पानी तुझ्या अंगात हाय. जा आनि बघ त्या म्हाताऱ्याकडं."

गेल्या रविवारी गेलो. पट्टा खुंटीलाच होता, मधोमध काळवंडून मऊ झालेला. मी दगडावर पाणी टाकलं. काका डोळे मिटून बसले. दगड केला, पट्टा केला. हनुवटी खालीच. परत दगड, परत पट्टा. खालीच. वस्तरा हातावरच्या केसांना नुसता लागला तरी केस पडत होते, म्हणजे धार होती. काय राहिलं होतं ते मला पहिल्यापासून माहीत होतं... फक्त हिंमत होत नव्हती. दारात उभी असलेली मनीषा हळूच म्हणाली, "दादा, राहू दे." खुर्चीतून "हं" आला, तिला गप्प करणारा.

मी डावा तळहात उघडला आणि पातं त्यावर आडवं टेकवलं. थंड होतं. मागे, पुढे, पुन्हा मागे... तोच आवाज आला, कोऱ्या कापडावरून बोट फिरल्यासारखा. माझ्या हातून आला, पण माझा नव्हता.

काकांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं. त्यांनी हनुवटी वर केली.