सैल ब्रेक

रस्ते खात्यातल्या तपासणी साहेबांना सगळे भोकवाले म्हणत, आणि त्यांना ते मुळीच लागत नसे. कामच तसं होतं. नवा रस्ता झाला की जीपने जायचं, मशीन लावून रस्त्याला भोक पाडायचं, आतून डांबराचा गोल तुकडा काढायचा आणि थर ठरल्याइतका जाड आहे की नाही ते बघायचं. त्यांची सही झाली की ठेकेदाराचं बिल निघे. नाही झाली, तर रस्ता उकरून पुन्हा करावा लागे.

भोक कुठे पाडायचं, हीच खरी मेख. जागा आधी कळली तर ठेकेदार तेवढ्यापुरता थर जाड करणार, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून भोकवाल्यांनी स्वतःची एक रीत काढली होती. जीप निघाली की ते मागच्या सीटवर डोळे गच्च मिटून बसत आणि मनात येईल तेव्हा ओरडत, "थांब!" गाडी थांबेल तिथे भोक. स्वतःलाच जागा माहीत नाही, तर ती फुटणार कुठून? या युक्तीचा त्यांना कोण अभिमान! बायकोला त्यांनी ती इतक्या वेळा ऐकवली होती की पुढचं वाक्य तीच म्हणून टाकी आणि हसे.

जीप चालवायचा तिचाच धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर तो बहिणीकडेच वाढला. भोकवाल्यांनीच त्याला गाडी शिकवली, त्यांनीच शब्द टाकून खात्यात चिकटवला. "थांब!" म्हटल्यावर त्याची जीप जराशी घरंगळत पुढे जाई आणि मग थांबे. "ब्रेक सैल आहेत, दाजी. गॅरेजवाले ऐकतील तर शपथ," तो म्हणे. दाजी गॅरेजच्या नावाने बोटं मोडत खाली उतरत.

तुकडे नेहमी जाडजूड निघत. रस्ते मात्र वर्षभरात उखडत. पुन्हा निविदा, पुन्हा सरकारी पैसा, पुन्हा तेच डांबर. कोणी नावं ठेवली की भोकवाले तावातावाने भांडत. "रस्ता चांगलाच होता, मी स्वतः बघितलाय! ट्रकवाले वाट्टेल तेवढा माल भरतात, त्याला रस्ता काय करणार?" शेजाऱ्याची बायको खड्ड्यात स्कूटरवरून पडून पाय मोडून बसली, तेव्हा याच वादातून त्यांनी शेजाऱ्याशी बोलणं टाकलं होतं.

मग मेहुण्याची दाढ ठणकू लागली आणि एक दिवस बदली ड्रायव्हर आला. जीप तीच. भोकवाल्यांनी डोळे मिटले. "थांब!" जीप जागच्या जागी थांबली आणि त्यांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"अरे हळू! ब्रेक सैल आहेत ना?"

"सैल कुठे? मस्त आहेत की, साहेब."

तुकडा निघाला तो बिस्किटाएवढा पातळ. पुढच्या जागीही तेच, त्याच्या पुढेही तेच. पट्टी लावायची गरजच नव्हती. भोकवाल्यांनी तिथेच 'नापास' लिहून सही केली आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसले. ठेकेदाराचा त्यांना रागसुद्धा आला नाही, त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती. पण घरचा पोरगा! ब्रेक हळू दाब, मागच्या माणसाला धक्का बसता कामा नये, हे त्याला त्यांनीच तर शिकवलं होतं.

संध्याकाळी मेहुणा स्वयंपाकघरात गाल शेकत बसला होता. बहीण त्याच्यासाठी काहीतरी मऊ शिजवत होती. भोकवाल्यांनी तो तुकडा त्याच्यापुढे टेबलावर ठेवला.

"ब्रेक चांगले आहेत," ते म्हणाले.

मेहुण्याने काही लपवलं नाही. "जाड थराच्या जागी कडेला चुन्याचा ठिपका असतो, दाजी. मी गाडी तिथवर नेतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

भोकवाल्यांनी तुकडा बाजूला सारला. "माझ्या घरात वाढलास रे. आणि माझ्याच पाठीमागे हे धंदे?"

"पाठीमागे?" मेहुणा खरोखरच चकित झाला. "दाजी, तुम्हाला माहीत नव्हतं? अख्खं खातं समजतं की तुम्हाला माहीत आहे. नाहीतर एवढा शहाणा माणूस दर वेळी डोळे कशाला मिटून बसेल?"

भोकवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. निदान ती तरी भावाला झापेल, असं त्यांना वाटलं. तिने गॅस बारीक केला, पण मान वर केली नाही.

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली. "म्हणून तर कधी विचारलं नाही."