धाकटीच्या नावावरचा पत्ता

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, त्या दुसऱ्या वेबसाइटवर तर काहीच नाही. दर वर्षी पैसे भरून ती चालू कशाला ठेवायची? बंद करून टाकू का?" करू नका. त्याचं कारण तेव्हा सांगता आलं नाही; तुमची धाकटी आजी शेजारीच बसली होती, आणि तिच्यासमोर ते जुनं दुखणं उकरायचं नव्हतं. म्हणून आज लिहिते.

केदारखेड्यात आमची वाटणी झाली तेव्हा विहीर आणि देव सामाईक राहिले, बाकी सगळ्याचे दोन भाग झाले. आम्हा दोघी जावांची गोधड्यांची वेबसाइट त्याच सुमारास सुरू झाली. गोधड्या तिच्या, फोटोही तिचेच, मजकूर माझा. धाकटी म्हणाली, "आक्का, लिहिणं तुमच्या नावावर, फोटो माझ्या नावावर. मंग पुढं तंटा न्हाई."

तुमची आत्या हसली, पण तिनं फोटोंसाठी खरंच वेगळं डोमेन घेतलं, म्हणजे इंटरनेटवरचा वेगळा पत्ता. पान माझं उघडे, त्यातले फोटो धाकटीच्या पत्त्यावरून येत. वाचणाऱ्याला फरक कळत नसे आणि इंटरनेटवरच्या शोधातही काही बिघडलं नाही. कुणी गोधडीचे फोटो शोधले की तिचे वरच दिसत, आणि तिथून माणूस आमच्या पानावर येई.

पुढे तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. माझ्याकडे राहून बरी झाली आणि निघताना म्हणाली, "आता येगळं कशाला, आक्का? घ्या माझे फोटो तुमच्यात." आम्हाला इतका आनंद झाला की त्याच आठवड्यात सगळे फोटो माझ्या डोमेनवर आणले आणि तिचं बंद केलं.

हळूहळू गोधड्यांसाठी येणारी विचारणा थांबली. शोधात फोटो दिसेचनात. धाकटीनं सुईदोऱ्याचा डबा उचलून ठेवला.

"डोळ्यासंगं हातबी गेला माझा. लोकांना बराबर कळून राह्यलं."

"अगं, तुझा टाका अजून माझ्या अक्षरापेक्षा सरळ आहे."

"तुम्ही नका सांगू. तुम्हाला माझं करपलेलं थालीपीठबी गोड लागतं."

दिवाळीला आत्या आली. तिनं सगळं तपासलं.

"काकू, तुमच्या हाताला काही झालं नाही. प्रत्येक फोटोची ओळख त्याच्या पत्त्यावरून असते. आपण फोटो हलवले आणि नवा पत्ता शोधयंत्राला कळवलाच नाही."

"म्हंजे घर सोडलं, अन् शेजारणीलाबी सांगितलं न्हाई?"

"बिलकुल तसंच."

जुन्या डोमेनची मुदत सुदैवानं संपली नव्हती. आत्यानं ते पुन्हा चालू केलं आणि प्रत्येक जुन्या फोटोचा पत्ता नव्या पत्त्याला जोडून दिला. वेळ लागला, पण फोटो परत दिसू लागले. पहिली विचारणा आली तेव्हा मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. धाकटी उठून आत गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "आक्का, माझा डबा मी कुठं ठेवला?"

त्या पत्त्यावर आज एकही फोटो नाही. जुन्या वाटेनं आलेल्या माणसाला तो आमच्या पानावर पोचवतो. तो चालू आहे, आणि अजून धाकटीच्याच नावावर आहे.