गुरूच्या साठ अंश पुढे

होणारे जावई गजाननराव चोरून कुंडली मांडतात, आणि तीही आपल्या उमाचीच, हा संशय अरुंधतीबाईंच्या मनातून जाता जात नव्हता. साखरपुडा होऊन महिना झाला होता, आमंत्रणं छापायला टाकायची होती.

घाबरायला कारण होतं. उमाचा मंगळ सातव्या घरात. त्यापायी दोन स्थळं हातची गेली, तेव्हा कन्याशाळेत गणित शिकवणाऱ्या या बाईनं गजाननरावांच्या घरी मुलीची जन्मवेळ दीड तास पुढे लिहून दिली आणि मंगळ सहाव्यात नेऊन बसवला. हे उमालाही ठाऊक नव्हतं.

गजाननराव परतूरच्या पोस्टात तारबाबू. वडील गेले, कॉलेज एका वर्षात सुटलं, तेव्हापासून सात वर्षं ते तारयंत्रापाशी बसत. गप्प असले तरी बोटं तारेच्या ठेक्यात गुडघ्यावर वाजत राहायची. कुणाच्या मरणाची तार आली की शिपायाच्या हाती न देता स्वतः घेऊन जात आणि घरातलं मोठं माणूस येईपर्यंत ओट्यावर बसून राहत. असा माणूस. पण रविवारी जालन्याला अरुंधतीबाईंकडे जेवायला आले की पिशवीतून तारेच्या रद्द फॉर्मांचा गठ्ठा काढून पाठकोऱ्या बाजूला आकडे लिहीत, आणि चहा घेऊन कुणी आलं की वर वर्तमानपत्र ओढत.

एकदा त्यातला एक कागद उडून अरुंधतीबाईंच्या पायाशी आला. वर लिहिलं होतं, 'सप्टेंबर १९३३'. उमाचंच साल, उमाचाच महिना. खाली गुरूचे अंश आणि कला. शेजारी आणखी कुणाचे तरी अंश, नाव नाही.

"उमे, यांनी तुझी जन्मवेळ विचारली का गं?"

"नाही. आई, तू पोलिसात भरती व्हायला पाहिजे होतीस."

पुढच्या रविवारी त्यांनी कागद सरळ समोर ठेवला. "कुणाची कुंडली ही, गजाननराव?"

ते कानापर्यंत लाल झाले. "कुंडली न्हाई मावशी. पोस्टात ज्योतिषीबुवा म्हणून चिडवून राह्यले, म्हणून झाकतो. हा एक दगड आहे आकाशातला. गुरूच्याच वाटेवर चालतो, साठ अंश पुढं."

"गुरू एवढा मोठा. ओढून घेत नाही?"

"तीच तर गंमत. दगड सरकत गुरूजवळ आला की गुरू त्याला मागं खेचतो. त्या खेचण्यानंच तो आतल्या, लहान वाटेवर उतरतो. तिथं चाल वाढते, अन् परत पुढं निघून जातो. फार पुढं गेला की उलटं. एक हेलकावा दीडशे वर्षांचा. त्याच्या तीस सालच्या जागेपासून चाळीस-चाळीस दिवसांची पायरी धरून मांडत आलो, तेहतीस सालापर्यंत पोचलो."

"एका जन्मात व्हायचं नाही," उमा आतून म्हणाली.

"मंग दोघांनी मांडू."

अरुंधतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल घेतली आणि ओळी तपासायला बसल्या. त्यांचा विश्वास अजून बसला नव्हता. आकडे मात्र खरे निघाले. कुंडलीत असं काही नसतं. फक्त एका वजाबाकीत अंश उसना घेताना त्याच्या साठ कलांऐवजी शंभर धरल्या होत्या.

"इथं चुकलात."

गजाननरावांनी कागद पाहिला, पुढचे नऊ कागद चाळले आणि त्या ओळीखालच्या सगळ्यावर काट मारली. चार महिन्यांचं काम. "बरं झालं सांगितलं," ते म्हणाले. "मला पुढं कधीच कळलं नसतं." आणि खरंच आनंदानं नवा फॉर्म ओढला.

ती काट अरुंधतीबाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. चूक कळली की हा माणूस खालचं सगळं खोडतो. मग उमाचं काय? आणि आपण जन्मवेळेचं नाही सांगितलं, खरी वेळ कुठून तरी कानावर गेली, तर हे आकडे मांडणाऱ्याला एक कुंडली मांडायला किती वेळ लागणार? लग्नानंतर कळलं तर?

सोमवारी आमंत्रणाचा मजकूर घेऊन त्या छापखान्याकडे निघाल्या. पोस्टापाशी पाय थांबले. आधी खरी जन्मवेळ सांगायची, मग छापखाना, असं ठरवून त्या आत गेल्या.

"परतूरच्या पोस्टात फोन लावायचाय," खिडकीतल्या माणसाला त्यांनी सांगितलं. "तारबाबूंनाच बोलवा. दुसऱ्या कुणाजवळ निरोप नाही द्यायचा."