जमिनीखालचं ऐकणारे आमचे व्याही

जमिनीखालचं सगळं ऐकू येतं आणि जमिनीवरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, असा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच असेल, आणि तो नेमका आमच्या वाट्याला व्याही म्हणून आला. माझ्या सुनेचे, मृणालचे, वडील. तरुणपणी इंजिनियर म्हणून इकडे आले, पूल बांधले, रिटायर झाले आणि बायको गेल्यावर कॅरी नावाच्या गावी लेकीकडे राहायला आले. मी त्याच घरात आधीपासून लेकाकडे होते. म्हणजे व्याही आणि विहीण एका छपराखाली, एकाच फ्रीजमधलं दही खाणार. मिरजेत असतो तर लोकांनी तोंडात बोटं घातली असती. मलाही सुरुवातीला मानपान सांभाळायची हौस होती. पण मान हळू आवाजात द्यायचा असतो. "व्याही, चहा घेता ना?" हे दर खेपेला आधीपेक्षा मोठ्यानं ओरडावं लागलं, की त्यात मान उरत नाही, नुसता चहा उरतो.

त्यांना कानाची मशीनं होती, दोन्ही कानांना, चांगली भारीतली. पण घरात ती डबीत. का, म्हणून मृणालनं विचारलं, तर सगळे जेवायला बसलेले असताना म्हणाले, "घरात ऐकण्यासारखं काय असतं?" मशीनं कानात जायची ती फक्त मैदानावर. कारण त्यांचा छंद मेटल डिटेक्टिंगचा. लांब काठी, तिच्या टोकाला ताटाएवढी चकती, ती जमिनीवरून झाडू मारल्यासारखी फिरवायची, आणि खाली धातू असला की हेडफोनमध्ये वाजतं. आमच्याकडे याला गुप्तधन शोधणं म्हणतात आणि शोधणाऱ्याच्या घरी कुणी मुलगी देत नाही. इथे त्याचा क्लब असतो. त्यातून आणायचे काय, तर खिळे, चिल्लर आणि सोड्याच्या कॅनची झाकणं. सगळं माझ्या भांड्याच्या घासणीनं घासायचं आणि मग टेबलावर मांडायचं.

"विहीणबाई, हे बटण बघा. सैनिकाचं असणार."

"पँटचं आहे."

"सैनिक पँट घालत नव्हते?"



आता यातली खरी गंमत. कानाच्या मशीनवर काही दाबून बसलं की ते आपोआप शिट्टी मारतं. हे महाशय मशीनं कानात घालून वर हेडफोन चढवायचे. आणि डिटेक्टरला चांदी लागली की तोही तसाच बारीक शिट्टीसारखा वाजतो. त्यामुळे आमच्या व्याह्यांना अमेरिकेत जिथे तिथे चांदी लागत होती. मागच्या अंगणात रानडुकरं येऊन गेल्यासारखे खड्डे. एका सकाळी बघते तर माझ्या वाफ्यात कुदळ घेऊन बसलेले.

"चांदी आहे!"

"मेथी आहे!"

"काय?"

"मेथी! मेथी!"

"असू दे, तिच्याखाली असेल."

असं चाललं होतं तोवर ठीक होतं. पण एकदा ते मैदानात गुडघे टेकून चांदी उकरत होते आणि मागून गवत कापायचा ट्रॅक्टर आला. त्या माणसानं हॉर्न वाजवला, हाका मारल्या, शेवटी अगदी पाठीशी ब्रेक मारून खाली उतरला आणि दंडाला धरून यांना घरी घेऊन आला. मृणाल पांढरीफटक. "बाबा, दॅट्स इट! हे मशीन मी डोनेट करणार. आय मीन इट." हे तिचं त्यांना पहिल्याच फटक्यात ऐकू आलं. गॅरेजमध्ये स्टुलावर बसून ती चकती ओल्या फडक्यानं पुसत राहिले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "माणसांशी बोलायचं तर सारखं 'काय, काय' करावं लागतं, विहीणबाई. हे एकटंच सरळ कानात येऊन बोलतं."

मी चहा ठेवला आणि आले.

त्या शनिवारी मराठी मंडळाची पिकनिक होती, तळ्याकाठी. परतताना डिटेक्टर देऊन टाकायचा म्हणून तो गाडीच्या डिकीतच होता. वाळूवर पोरंपोरी व्हॉलीबॉल खेळत होती, त्यात नागपूरची अश्विनी, लग्न होऊन नुकतीच आलेली. तिचं मंगळसूत्र तुटलं. मणी पसरले. एक वाटी कुर्त्यात अडकलेली मिळाली, ती सासरची. माहेरची वाळूत गेली.

"अगं, नवीन करू यार," नवरा म्हणाला.

"आई नवीन करशील का?" ती म्हणाली. तिची आई लग्नाच्या आधीच गेलेली; वाटी तिनं आजारपणात करवून ठेवली होती. बायका पोह्याच्या झाऱ्यानं वाळू चाळायला लागल्या. आणि मृणालच पुढे होऊन म्हणाली, "बाबा, मशीन आणा."

आणलं. हेडफोन चढवला, शिट्टी सुरू. खणलं, काही नाही. पुन्हा शिट्टी, पुन्हा खड्डा. अश्विनी प्रत्येक खड्ड्यात वाकून बघत होती. मला बघवेना. मी खुर्चीतूनच ओरडले, "व्याही! ती कानातली आधी काढा!"

त्यांनी काढली. नुसत्या कानावर हेडफोन लावणार, तेवढ्यात मी म्हणाले, "आता सावकाश." तर मान डोलावली!

मृणाल त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "बाबा, आईंचं तुम्हाला मशीनशिवाय ऐकू येतं?"

"यांचा आवाज जाड आहे ना. मला बारीक येत नाही, जाड येतं."

अख्ख्या मंडळासमोर! पण मग तेच चमकल्यासारखे थांबले. सोनंही जाड वाजतं म्हणाले, चांदीसारखं बारीक नाही. कॅनचं झाकणही तसंच वाजतं, म्हणून आजवर जाड आवाज ते सोडून देत आले होते. त्या दिवशी एकही सोडला नाही. झाकण. झाकण. चॉकलेटचा कागद. पुन्हा झाकण. आणि मग वाळूनं भरलेली वाटी.

अश्विनी तिथेच त्यांच्या पाया पडली आणि काहीतरी पुटपुटली.

"काय?" व्याही म्हणाले.

ती पुन्हा बोलली. आवाज पातळ, त्यात रडणं.

"काय म्हणते?"

असली वाक्यं ओरडायची नसतात. पण माझाच आवाज जाड. तळ्याच्या पार पलीकडे जाईल असं मी ओरडले, "आई सापडली म्हणते!"

डिटेक्टर राहिला. मृणालची अट एकच, एकटं जायचं नाही. म्हणून रविवारी मी घडीची खुर्ची घेऊन मैदानावर जाते. हेडफोन नसतो, कानातली मशीनंही डबीत, आवाज बाहेर सोडलेला असतो. परवा तो एकदम बारीक वाजला आणि हे तसेच पुढे गेले.

"थांबा," मी म्हणाले, "वाजलं."

"बारीक?"

"बारीक."

ते मागे आले. पण कुदळ उचलेनात. "कसं वाजलं, विहीणबाई?"

मी जरा विचार केला. "लांब कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाल्यासारखं."

"हां," ते म्हणाले, "तसंच वाजतं ते." आणि चकती त्याच जागेवरून पुन्हा फिरवली, मग पुन्हा. ती दर वेळी वाजत होती. मीही त्यांना खणायला सांगितलं नाही.