चौऱ्याऐंशी श्वास

देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. नातवाचीच शपथ घेत होतो, पण आमची सुनंदा म्हणाली, "त्याची नको. घ्यायची तर स्वतःची घ्या." चाळीस... बरं, तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोचा हा विश्वास! असो. शब्द न् शब्द म्हणजे, एक जागा सोडून.

मला जरा वाढवून सांगायची सवय आहे. मागे पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, जाऊन आलो आणि शेजाऱ्यांना सांगितलं, महाराष्ट्रातून चाळीस बसेस आल्या होत्या! सुनंदा चहा गाळता गाळता म्हणाली, "वीस." तेव्हापासून आमच्या घरात नियमच झाला. बाबांचा आकडा आला की निम्मा करायचा.

आता ऐका माझा गाढवपणा.

मुलगी मुग्धा गुरुग्रामला ऑफिसात जाते आणि तिचा पाच महिन्यांचा चिकू दिवसभर लक्ष्मीबाई नगरला, आमच्या क्वार्टरमध्ये. नोव्हेंबरची सकाळ. बाहेर ती आपली दिल्लीची हवा, समोरचं कडुनिंबाचं झाड दिसेना. चिकूचं नाक चोंदलेलं, घशात घुरघुर.

डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "बच्चा शांत हो तब कपड़ा ऊपर करके पूरा एक मिनट साँस गिनिए. पचास या उससे ऊपर, तो फ़ौरन ले आइए."

सुनंदानं चिकूला मांडीवर घेतलं. मी घड्याळ घेऊन बसलो, नजर त्याच्या इवल्याशा पोटावर. मिनिट संपलं आणि मी ओरडलोच.

"चौऱ्याऐंशी!"

सुनंदानं शांतपणे फोन कानाला लावला. "डॉक्टर साहब, बयालीस."

"अगं, चौऱ्याऐंशी म्हणालो मी!"

"ऐकलं ना."

डॉक्टर म्हणाले, घबराने की बात नहीं, नज़र रखिए. मी पुन्हा मोजलं. शहाऐंशी! तेवढ्यात मुग्धाचा फोन.

"आई, बाबांनी मोजले? किती?"

"शहाऐंशी."

"म्हणजे त्रेचाळीस ना? अच्छा, मग ठीक आहे. चलो, मीटिंग आहे."

सांगा, काय करावं माणसानं? जन्मात एकदा खरं बोलतोय, जिवाच्या आकांतानं, आणि घरचे भागाकार करतायत!

"अहो, तो दूध पितोय, हसतोय."

"हसू दे! मी चाललो." चिकूला शालीत गुंडाळलं आणि चपला न घालता जिना उतरलो. सुनंदा मागून, एका हातात माझ्या चपला, दुसऱ्यात दुधाची बाटली.

रिक्षा मिळाली. पहिल्याच चौकात लाल सिग्नल. आकडे उलटे पळतायत, एकशे वीस, एकशे एकोणीस... आणि चिकूची घुरघुर थांबली.

एकदम शांत.

मी त्याच्या नाकाखाली बोट धरलं. काही लागेना. बोट थंडीनं बधिर झालंय, हे तेव्हा सुचतंय कुणाला?

रिक्षावाला आरशातून म्हणाला, "सो गया है, भाईसाब."

सुनंदानं शाल बाजूला करून पोटावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग हळूच, कधी नव्हे अशा आवाजात विचारलं, "अहो, खरंच चौऱ्याऐंशी होते?"

"खरंच गं."

"शपथ?"

"शपथ."

तिनं माझा हात घट्ट धरला. तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझा आकडा पुरता घेतला होता. आणि नेमका तेव्हाच मला वाटत होतं, देवा, निम्मा असू दे रे!

दवाखान्यात मी दारातूनच ओरडलो, "चौरासी!" रांगेतल्या सगळ्या आया बाजूला झाल्या. डॉक्टरांनी चिकूचं झबलं वर केलं, फासळ्या आत ओढल्या जातायत का ते पाहिलं, छातीला नळी लावली आणि घड्याळाकडे बघत मोजू लागले. एक मिनिट. तेवढ्या वेळात मी सात देवांना नवस बोललो.

"बयालीस," डॉक्टर म्हणाले. "छाती बिल्कुल साफ़ है, सिर्फ़ नाक बंद है. आप गिन कैसे रहे थे?"

मी करून दाखवलं. पोट वर गेलं, एक. खाली आलं, दोन. वर, तीन...

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अंकल, ऊपर-नीचे मिलाकर एक होता है."

मी सुनंदाकडे पाहिलंच नाही. गरजच नव्हती. न मोजता, घड्याळ न बघता, बाई बरोब्बर बेचाळीसवर होती!

निघताना डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "आप जैसा नाना हर बच्चे को मिले!" आणि आम्ही घरी आलो.

तर ती सोडलेली जागा म्हणजे ही थाप. डॉक्टर तसं काही बोलले नाहीत. माझ्याकडे नीट बघून ते सुनंदाला एवढंच म्हणाले, "बच्चा ठीक है. इनको बिठाकर पानी पिलाइए."

दोन ग्लास प्यायलो.

बरं, एक.